लपवायचं बक्षीस

बुकित बातोक या आमच्या उपनगरात, माझ्या मुलाच्या शाळेत एक योजना होती. ज्या वर्गातला एकही मुलगा वर्षभर सिगारेट ओढताना सापडणार नाही, त्या वर्गाला समुद्रकाठच्या चॅलेत, म्हणजे भाड्याच्या बंगल्यात, दोन दिवसांची सहल. पालक गटात ही कल्पना मीच मांडली होती.

आणि अमेयच्याच युनिफॉर्मला सिगारेटचा वास आला. अमेय माझा मुलगा, सेकंडरी टूला, म्हणजे आठवीत.

"कोण ओढतं रे?"

"सांगितलं तर सगळ्यांची ट्रिप जाईल. क्लास मला मारेल, लाह," तो इथल्या मुलांच्या ढंगात म्हणाला.

"तू ओढतोस का?"

तो मान खाली घालून मोबाइल बघत राहिला. साधं 'नाही' म्हणाला असता तरी चाललं असतं मला.

माझा नवरा प्रबोध बँकेत आहे. त्याला सांगितलं, तर हसलाच. "अगं, तोटा दाखवला की बोनस कापतात, म्हणून आमच्याकडे लोक तोटाच लपवतात. तूही मुलांना लपवायचंच बक्षीस लावलंयस."

राग आला. पण त्याचं म्हणणं खरं होतं. मग मीच पुढच्या बैठकीत उठले.

"जो स्वतःहून समुपदेशकाकडे जाऊन सिगारेट सोडायचा प्रयत्न करेल, त्याच्यामुळे वर्गाची सहल बुडू नये," मी म्हटलं. "लपवलं आणि सापडला, तर मात्र बुडावी."

मिस लिम, अमेयच्या वर्गशिक्षिका, म्हणाल्या, "म्हणजे ओढणाऱ्यालाही बक्षीस?"

"सोडणाऱ्याला. आणि मिस लिम, पहिला येणारा कदाचित माझाच मुलगा असेल."

मी उभीच राहिले. शेवटी मिस लिमनी मान डोलावली. नवा नियम ठरला.

संध्याकाळी जेवताना मी अमेयला तेवढाच नियम सांगितला. पुढे काही विचारलं नाही. हे फार जड गेलं.

भात संपवून तो म्हणाला, "आई, मी ओढली. आणखी दोघं आहेत. नावं नाही सांगणार."

"नकोतच मला नावं."

"चिडलीस?"

"खूप. आमटी वाढू?"

त्यानं ताट पुढे केलं. "तू येऊ नको हां उद्या काउन्सेलरकडे. सो एम्बॅरसिंग."

"नाही येत. तुझं तू जा."

हात धुऊन त्यानं थेट मित्राला फोन लावला. "उद्या मी जातोय सांगायला. यू कमिंग ऑर नॉट?"