सुपडूची मोटार आणि डुमसची भरती

मित्रांनो, हसू नका. मी पाण्याला भिणारी एक जुनी मोटार आहे. दोंडाईच्यात सुपडूच्या घरामागे, निंबाच्या झाडाखाली मी उभी असते. चाकं गेली, टप फाटला, मागच्या गादीवर कोंबड्या अंडी घालतात. त्याचं मला फारसं काही वाटत नाही. पण कोणी शेजारी बादली जरी उपडी केली तरी मी दचकते.

माझा जन्म सातासमुद्रापलीकडच्या कारखान्यातला. तो कारखाना मला नीट आठवत नाही, आठवतो तो लाकडी खोका. त्यात घालून मला बोटीवर चढवलं आणि महिनाभर त्या काळोखात मी समुद्राच्या थपडा ऐकल्या. मुंबईच्या गोदीत खोका फोडला तेव्हा मी मनाशी ठरवलं, आता जन्मात या समुद्राचं तोंड बघायचं नाही.

जळगावच्या एका कापूसवाल्या शेठकडे पाच-सहा वर्षं काढली. खानदेशात आल्यावर मी सुखावले. इथे धूळ होती, ऊन होतं, काळी माती होती. पाणी होतं ते नदीत, आणि उन्हाळ्यात तेही नावाला. मग शेठने नवी गाडी घेतली आणि मी सुपडूकडे आले. तो मला भाड्याने फिरवायचा. लग्नाची वऱ्हाडं, जत्रा, बाळंतिणी, सगळ्यांना मी पोचवलं. गावात शिरले की बाया माझ्या कपाळाला कुंकू लावायच्या. मी फुगून जायचे, खोटं कशाला बोलू?

सुपडूचा माझ्यावर भारी जीव. सकाळी उठून स्वतःच्या तोंडावर पाणी मारायच्या आधी तो माझी काच पुसायचा. त्याची बायको कमलबाई मला सवत मानायची, शेजारणींना सांगायची, "हाई मनी सवत शे, तीबी लोखंडनी."

उन्हाळ्यात तापीच्या पात्रात गाडी घालण्यात तर त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. ओली, घट्ट वाळू तो बरोबर हेरायचा. पूर आलाच तर वरच्या अंगाने येणार, येताना आवाज करणार, म्हणून एक डोळा वर ठेवायचा. एवढंच त्याचं पाण्याचं शास्त्र, आणि ते आमच्याकडे कधी चुकलं नाही.

एकोणीसशे छत्तीसच्या चैत्रात गावातले धान्याचे व्यापारी पारसमल शेठ सुपडूकडे आले. त्यांच्या आईला, भंवरीबाईंना, सुरत बघायची होती. दोन वर्षांपूर्वी जिन्यावरून पडल्यापासून त्यांचे पाय गेले होते. रेल्वेत चढवणं-उतरवणं हाल करणारं, म्हणून शेठनी मोटार ठरवली. बरोबर त्यांची बायको धापूबाई. भंवरीबाई नऊ वर्षांच्या असताना मारवाडातून लग्न होऊन आल्या. जिथे घागरभर पाण्यासाठी कोसभर चालावं लागे, तिथली ती पोर. तिला एकदा समुद्र बघायचा होता.

समुद्र हा शब्द ऐकला आणि माझं इंजिन बंद असूनही मी थरथरले. पण मोटारीला कोण विचारतो?

वाटेत म्हातारीने नुसती धमाल केली. माझा रबरी भोंगा तिला फार आवडला. प्रत्येक गाव आलं की मागून सुपडूला काठीने ढोसायची, "सुपडूभाऊ, वाजव ना रे." एकदोनदा तर तिने पुढे वाकून स्वतःच काठीच्या टोकाने भोंगा दाबला. धापूबाई पदराआड हसत होत्या.

सुरतेत आम्ही गोपीपुऱ्यातली देरासरं, म्हणजे जैन मंदिरं, केली. शेठ आणि सुपडू हातांची खुर्ची करून माजींना (भंवरीबाईंना सगळे माजीच म्हणत) आत नेत. गोऱ्या साहेबांची मोठमोठी थडगी पाहून माजी म्हणाल्या, "मेल्यावर एवढा वाडा? राहायला कोण येतं इथे?" दुपारी आम्ही किल्ल्यापाशी, नदीच्या काठावर थांबलो. सुपडूने पाणी ओळखलं, हात जोडले. "माजी, हाई आपलीच तापी शे."

मग तो काठाशी वाकून बघू लागला. पाण्यावर गवताची एक पेंढी तरंगत होती. ती समुद्राकडे न जाता उलट, आमच्या गावाच्या दिशेने निघाली होती.

"नदी उलटी वाही ऱ्हायनी," सुपडू म्हणाला, आणि हसला. मला हसू आलं नाही. जी नदी मागे फिरते तिच्यावर विश्वास कसा ठेवायचा, हेच मी रात्रभर धर्मशाळेच्या दाराशी उभी राहून घोकत होते.

दुसऱ्या दिवशी चैत्री पौर्णिमा. सकाळी देवदर्शन आटोपून आम्ही डुमसला गेलो. समुद्र लांब, पार लांब ओसरलेला होता. मधे काळी, ओली, घट्ट वाळू. काठावर एक नारळवाला बसला होता. त्याने हात हलवला, "गाडी उपर राखो, भाई. पाणी आवशे."

"आम्ही तापीकाठचे आहोत," सुपडू म्हणाला. "वाळूत गाडी घालायला आम्हांला शिकवू नका." माजींना पाणी जवळून दिसावं म्हणून त्याने मला खाली घातलं. मधे एक उथळ घळ लागली, गुडघ्याएवढी खोल, कोरडी. ती ओलांडून तो बराच पुढे गेला आणि माझं तोंड समुद्राकडे करून थांबला.

भंवरीबाई कितीतरी वेळ नुसत्या बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "एक तांब्या आणून दे रे. पायांवर घालीन." शेठ आणि धापूबाई शिंपले वेचत किनाऱ्याच्या कडेने निघाले होते. सुपडू तांब्या घेऊन पाण्याकडे चालू लागला. चालता चालता त्याने सवयीने एकदा वरच्या अंगाला पाहिलं. पण इथे वरचं अंग कुठे होतं?

पाणी समोरून आलं नाही, मित्रांनो. ते मागून आलं. ती घळ आवाज न करता भरत गेली, आणि आम्ही दोघी, मी आणि मागच्या गादीवरच्या माजी, मधल्या उंचवट्यावर अडकलो. मग माझ्या मागच्या चाकांना गारवा लागला. माझी वाचा असून नसल्यासारखी. भोंगा माझाच, पण तो दाबायला हात हवा.

माजींनी वळून पाहिलं. आधी त्या हरखल्या, पाणी आपल्याजवळ आलं म्हणून. मग त्यांनी किनारा पाहिला आणि त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी काठी उचलली, पुढे वाकल्या आणि भोंगा दाबला. पुन्हा दाबला.

लांबून सुपडूने हात हलवला. शेठही हसले. माजींना भोंग्याचा नाद, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

त्या दाबतच राहिल्या. काठी दोनदा निसटली. अखेर सुपडू थबकला. मग तांब्या टाकून धावत सुटला. येईतो माझ्या पायरीला पाणी लागलं होतं.

"माजी, घाबरू नका, मी शे ना आठे," तो ओरडला, आणि हॅंडल घेऊन सरळ माझ्या पुढे गेला. पहिल्याच फेऱ्याला मी चालू झाले. तो आत चढला तशी चाकं गरगरली आणि आणखी खोल गेली. इंजिन बंद पडलं. त्याने पुन्हा हॅंडल मारलं. पुन्हा. पाणी त्याच्या गुडघ्याला आलं, मग मांडीला. तो मला शिव्या देत होता, हातापाया पडत होता, "चाल ना माय, चाल." मागे भंवरीबाईंनी भोंगा दाबणं सोडलं होतं. त्या फक्त त्याच्याकडे बघत होत्या.

नवव्या फेऱ्यानंतर त्याने मान वर केली आणि त्यांचे डोळे पाहिले. हॅंडल त्याने तसंच सोडून दिलं. दार ओढलं, म्हातारीला पाठीवर घेतलं आणि घळीत उतरला. पाणी त्याच्या छातीला, मग गळ्याला लागलं. भंवरीबाईंचा पदर पाण्यावर पसरला होता. एकदा दोघंही दिसेनासे झाले. तेवढ्यात तो नारळवाला धोतर खोचून पाण्यात शिरला आणि त्याने म्हातारीचा दंड धरला. पलीकडे शेठ आणि धापूबाई वाळूवर बसून रडत होते.

मग समुद्र माझ्या गाद्यांवर आला. दिव्यांत शिरला, इंजिनात शिरला. त्या खोक्यातली भीती अखेर मला अंगावर घ्यावी लागली. संध्याकाळी पाणी ओसरल्यावर चार बैलजोड्यांनी मला ओढून काढलं आणि मालगाडीने मी गावी परत आले. सुपडूने महिनाभर मला घासलं, तेल पाजलं. पण खार आतपर्यंत गेला होता. पुढे त्याने बैलगाडी हाकली.

एके दिवशी भंवरीबाई बैलांच्या दमणीत बसून आमच्या दारी आल्या. सुपडू त्यांच्या पायांशी बसला, वर बघेना. "माजी, मी पहिले मोटारकडे पाह्यं. तुमले नही."

"ठाऊक आहे मला," त्या म्हणाल्या. "नऊदा हॅंडल मारलंस. दहाव्यांदा मारलं असतंस तर मी आज इथे नसते. ते मारलं नाहीस, तेवढंच मी मनात धरते."

सुपडू लहान पोरासारखा रडला. मी निंबाखाली उभी राहून ऐकत होते, आणि मला माझीच लाज वाटली. का, ते आजवर मी कोणाला सांगितलं नाही.

मित्रांनो, आम्हांला जपा. वेळेवर तेल द्या, काच पुसा, जुन्या झालो म्हणून उकिरड्यावर टाकू नका. जपणाऱ्याच्या हाताखाली आम्ही जन्मभर राबतो. पण खरं सांगते. त्या दिवशी मला तोंड असतं तर मी 'म्हातारीला उचल' असं म्हटलं नसतं. 'आणखी एकदा मार, सुपडू, मला सोडून जाऊ नको,' हेच ओरडले असते, आणि त्याने ते ऐकलं असतं. म्हणून पाणी चढू लागलं की आधी माणूस पाठीवर घ्या आणि चालू लागा. आम्ही मागून हाका मारू. त्या ऐकू नका.