सोमवारचं ताट

रघुपतीरावांनी डॉक्टरांना फसवलं नव्हतं. १९५८ सालचे तीन महिने ते त्यांच्या सांगण्यावरून दर सोमवारी नेमानं उपास करत होते. तरीही तपासणीला लघवी घातलेली काचेची नळी तापवली की आतलं निळं औषध विटकरी व्हायचंच. साखर उतरेपर्यंत मोतीबिंदूला हात लावणार नाही, असं डोळ्यांच्या डॉक्टरांनी बजावलं होतं. एव्हाना समोरची बायकोसुद्धा त्यांना नुसती हलणारी सावली दिसायची. बासष्टाव्या वर्षी तिचा हात धरून रस्ता ओलांडायचा, हे त्यांच्या अगदी जिवावर यायचं.

साखरेचं औषध देणारे चिकपेट पेठेतले कानडी डॉक्टर शिवाप्पा एका सोमवारी न सांगता घरी आले. रघुपतीराव फराळाला बसले होते. साबुदाण्याची खिचडी, वर दाण्याचं कूट, बटाट्याची भाजी, रताळ्याचा गोड कीस आणि वाटीभर शिकरण.

"रायरे, ह्याला उपास म्हणता?" शिवाप्पांनी कानडीत 'राव' अशी हाक मारत कपाळाला हात लावला. "आमच्या गल्लीतले सोवळे आचार्य एकादशीला पाण्याचा थेंब घेत नाहीत, आणि तुम्ही लग्नाचं जेवताय!"

"सगळं उपासाचंच आहे हो," अहल्याबाई कशाबशा म्हणाल्या. चाळीस वर्षं प्रत्येक उपासाला त्या हेच ताट मायेनं वाढत आल्या होत्या. त्याच ताटापायी नवऱ्याचे डोळे अडलेत, हे त्यांना फार लागलं.

पण बाई हट्टाची. पुढच्या सोमवारपासून दिवसभर पातळ ताक, बस्स. एरवी भाताऐवजी नाचणीची भाकरी न् पालेभाजी, आणि जेवण दिवेलागणीच्या आत. रघुपतीराव चिडायचे, स्वैपाकघरातले डबे चाचपायचे. डबे रिकामे.

"तू जेवलीस का?" ते सोमवारी मुद्दाम विचारायचे.

"जेवले हो," आतून उत्तर यायचं, आणि भांडी वाजायची. तेवढ्यानं त्यांचं पित्त खवळायचं.

पाच महिन्यांनी नळी निळीच राहिली. ऑपरेशन झालं, आणि यथावकाश जाड भिंगांचा चष्मा आला. तो घालून घरात शिरताच रघुपतीराव दचकले. अहल्याबाई निम्म्या झाल्या होत्या. बांगड्या कोपरापर्यंत चढत होत्या.

"आजारी होतीस? मला सांगितलं नाहीस?"

"आजारी कशाची? उलट गुडघे राहिले दुखायचे." हाताचा टेका न घेता त्या पाटावरून उठल्या. "एरवी तुमचीच भाकरी-भाजी खात होते, आणि सोमवारी तुम्ही उपाशी बसलेले. माझ्या घशाखाली घास उतरला असता का?"

"आणि ती भांडी?"

"रिकामीच वाजवत होते."

पाच महिने आपण हिच्यावर धुसफुसत होतो, याची रघुपतीरावांना लाज वाटली. तोही सोमवारच होता. त्यांनी स्वतः ताक घुसळलं, दोन पेले भरले आणि पहिला तिच्या हातात दिला. ती तो शेवटच्या घोटापर्यंत पिते की नाही, हे ते समोर बसून पाहत राहिले.