हिलालच्या नावाचे गहू

हिलाल आप्पांनी गुढीपाडव्याला मौन धरलं, तेही वर्षभराचं. एस.टी.त बत्तीस वर्षं कंडक्टर राहिलेला माणूस; अमळनेर-धुळे गाडीत त्यांचा आवाज मागच्या बाकापर्यंत जायचा. असा माणूस गप्प बसल्यावर गावाला नवल वाटणारच. लोक आधी बघायला आले, मग पाया पडू लागले. आप्पा डोळे मिटून मनात म्हणायचे, राग गेला, हेवा गेला, आता राहिलं काय? सून दीपमालाला विचारलं असतं, तर तिने सांगितलं असतं की राहिलंय पुष्कळ. चहात साखर कमी पडली की आप्पा पाटीवर इतकं दाबून लिहायचे की पेन्सिल मोडायची.

शेजारच्याच घरात थोरला भाऊ पितांबर नाना राहायचा. दोघांची बोलचाल नऊ वर्षांपासून बंद. कारण ऐकून हसू नका. आप्पांच्या मुलाच्या, स्वप्नीलच्या हळदीला भरीत करायला बोदवडचा आचारी आणला होता. आता पंचक्रोशीत भरीत म्हणजे नाना, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. नानांना जरा आराम मिळावा असं आप्पांच्या मनात होतं म्हणे. पण मनातलं मनात ठेवून कोणाचं भलं झालंय? नाना दोन घास खाऊन पंगतीतून उठले, ते परत आप्पांच्या दारात आले नाहीत.

वैशाखात नानांना लकवा झाला. धुळ्याच्या दवाखान्यातून घरी आले तेव्हा काठी धरून चालत होते, पण वाचा गेली होती. समजायचं बठ्ठं, अगदी सगळं, बाहेर मात्र काही पडत नव्हतं. डॉक्टरांनी बजावलं होतं की रोज कोणीतरी समोर बसून जुन्या ओळखीच्या गोष्टी काढायच्या, शब्द तोंडात द्यायचा नाही, वाट बघायची. आणि हे आत्ताच करायचं, नंतर फार कठीण जाईल. मुलगा सुरतेला नोकरीला. वहिनी द्रौपदाबाईंनी पंधरा दिवस एकटीने धडपड केली आणि एका सकाळी सरळ आप्पांच्या खोलीच्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

"आप्पा, तुम्हना भाऊनं बोलनं देवनी लई लिधं. तुम्ही तं सोताहून सोडी दिधं," त्या म्हणाल्या. "आते मी कोनासंगे बोलू?"

आप्पांनी पाटी उचलली आणि तशीच खाली ठेवली. भावाची वाचा देवाने काढून घेतली होती, यांनी ती आपणहून सोडली होती; काय लिहिणार होते? देवासाठी तोंड मिटलंय असं लिहिलं असतं, तर ते वाचणं त्यांना स्वतःलाच जड गेलं असतं. त्यांना आयुष्यात कधी वाटली नव्हती इतकी लाज वाटली. ते उठले, वहिनीच्या मागोमाग गेले आणि नानांच्या खाटेजवळ बसले. दोन महिने न वापरलेला आवाज घोगरा निघाला.

"भाऊ," ते म्हणाले.

नानांनी भिंतीकडे तोंड फिरवलं.

गावात बोभाटा झाला. चुलतभाऊ झुलालने तोंडावर सांगितलं की आप्पा, सगळं पुण्य पाण्यात गेलं. आप्पा म्हणाले, जाऊ दे, पोहायला येत असेल त्याला. पण खरी परीक्षा पुढे होती. नानांना पेला दाखवून तासभर वाट बघायची, आणि नानांनी पेलाच भिरकावून द्यायचा. तिसऱ्या दिवशी आप्पा एवढे ओरडले की दीपमाला धावत आली. मग ओट्यावर बसून त्यांनी स्वतःलाच शिव्या घातल्या. खोलीत चिडवायला कोणी नव्हतं म्हणून राग येत नव्हता, आणि हा बाबा समजत होता की राग जिंकला! दुसऱ्या दिवशी ते पुन्हा जाऊन बसले. त्याच्याही दुसऱ्या दिवशी बसले.

महिना असाच गेला. एका दुपारी आप्पा थकून म्हणाले, "भाऊ, त्या दिवशी तुला विचारायला पाहिजे होतं. माझं चुकलं. पण त्या बोदवडवाल्याचं भरीतही काही वाईट नव्हतं."

नानांचा चेहरा लाल झाला. ओठ थरथरले.

"कच्चं," नाना म्हणाले.

आप्पा हसता हसता रडले आणि रडता रडता हसले. वहिनी स्वयंपाकघरातून पिठाच्या हातांनी धावत आल्या, तर नानांनी तोच शब्द त्यांनाही ऐकवला.

तिथून एकेक शब्द येत गेला. कधी चार दिवस एकही नाही, कधी एकदम तीन. श्रावणात कानबाई आली, खानदेशात घरोघर बसणारी देवी. त्यांच्या भाऊबंदांत देवीच्या रोटांचे, म्हणजे नैवेद्याच्या जाड पोळ्यांचे, गहू थोरल्याच्या घरी निवडतात. थोरला एकेका पुरुषाचं नाव घेतो आणि त्या नावाने सव्वा मूठ गहू टोपलीत पडतात. नऊ वर्षं नाना हिलालचं नाव गाळत आले होते, आणि नऊ वर्षं द्रौपदाबाई नवऱ्याची नजर चुकवून ते गहू मुकाट्याने टाकत आल्या होत्या.

यंदा नावं आप्पांनीच घ्यावीत असं भाऊबंदांचं ठरलं. आप्पा म्हणाले, थोरला बसलाय ना समोर. अहो, पण सांजपर्यंत बसावं लागेल, झुलाल म्हणाला. मग बसू, आप्पा म्हणाले.

नानांनी आधी स्वतःचं नाव घेतलं, तीन तुकड्यांत. गहू पडले. त्यानंतर ते थांबले. वयाने पुढचं नाव हिलालचंच होतं. ओठ हलत होते, आवाज येत नव्हता. शब्द अडलाय की मन अडलंय, कोणाला कळेना, आप्पांनाही कळेना. झुलाल नाव सुचवायला पुढे झाला, तसा आप्पांनी त्याचा हात दाबला. आपलं नाव आपणच भावाच्या तोंडात घालायचं नाही, हे त्यांनी ठरवलं होतं. नाही आलं तर नाही. उद्या सकाळी ते पुन्हा खाटेजवळ जाऊन बसणारच होते.

"हि," नाना म्हणाले. कपाळावर घाम आला. "हिलाल."

"ओ, भाऊ," आप्पांनी गाडीतल्या आवाजात उत्तर दिलं, आणि बाया एकदम कानबाईचं गाणं म्हणू लागल्या.

द्रौपदाबाईंनी सुपातून सव्वा मूठ गहू उचलले. यंदा कोणाची नजर चुकवायची नव्हती. त्यांनी हात चांगला उंच धरला आणि सगळ्यांच्या देखत गहू टोपलीत सोडले.