बावीस अंश डावीकडे

विमान पुन्हा डावीकडे सरकलं. धानाच्या रिकाम्या बांध्यांवरून सरळ उत्तरेला जायचं सोडून ते सागवनाच्या अंगाने निघालं.

"आता मारते झाडाले!" संघपालची बायको रंजीता शेताच्या धुऱ्यावरून ओरडली.

संघपालने रिमोटचं बटण दाबून ऑटोपायलट बंद केला, विमान हाताने वळवून आणलं आणि वाळलेल्या तणशीच्या ढिगाजवळ पोटावर उतरवलं. वाऱ्याला दोष द्यावा तर रंजीताने काठीला बांधलेली प्लास्टिकची पट्टी जागची हलत नव्हती. सकाळपासूनची ही चौथी खेप होती.

आलापल्लीच्या बाजारात वीस वर्षं टीव्ही-मिक्सर दुरुस्त करणाऱ्या माणसाला विमान सुचावं, यावर बाजाराने पोटभर हसून घेतलं होतं. संघपालने हसू दिलं. पावणेदोन वर्षं खपून त्याने हे थर्माकोलचं पाच फुटी विमान उभं केलं. लॅपटॉपवरच्या नकाशात खुणा केल्या की ते त्या खुणांवरून आपलं आपण फिरून येई आणि खालचे फोटो आणी. उन्हाळ्यात मोहफुलं वेचायला लोक झाडाखालचा पाला जाळतात आणि मग जंगल पेटतं. तो धूर वेळेत दिसावा, एवढाच त्याचा विचार होता.

त्याच्या जोडीला बालमित्र निकेश वाढई होता. तो आता चंद्रपूरला कॉलेजात प्राध्यापक होता. या मुलखात आभाळात काही उडवायचं तर पोलिसांची परवानगी लागते आणि ती निकेशच्या कॉलेजच्या लेटरहेडवर मिळाली होती. वनखात्याच्या साहेबांना विमान उद्या पहिल्यांदा दाखवायचं, असं निकेशने सांगितलं होतं. पसंत पडलं तर दोघांच्या नावाने सहा विमानांचं काम मिळणार होतं. संघपालला मिक्सरच्या दुकानातून बाहेर काढणारं तेवढंच एक काम होतं. उद्या मात्र तो जाणार नव्हता. "परवानगीत एकच नाव हाये बे, साहेब लोक गर्दी चालू देत नाईत," असं निकेशने सांगितलं आणि संघपालला ते पटलं. मित्राचं बोलणं कोण तपासून घेतो?

विमान आठ दिवस निकेशकडे होतं. काल सकाळी त्याने ते आणून दिलं. "फोटो काढले आन कपाटात ठेवलं होतं. परवाच्या आंधी एकडाव पाहून घे," एवढंच बोलून तो गेला.

संघपालचा स्वभाव असा की बिघाड दिसला की आधी स्वतःचाच कान धरायचा. पंख मोजले, सरळ होते. शेपटीची पट्टी बरोबर मध्ये होती. मग त्याला आठवलं की काल विमानातल्या कंपासला दिशा शिकवताना आपण लोखंडी पलंगावर बसलो होतो.

"पलंगानंच घात केला," तो म्हणाला.

"पलंगाले काऊन बदनाम करता?" रंजीता हसली. "तुमीच येडे!"

त्याने मोबाइल, किल्ल्या, कमरेचा पट्टा, सगळं धुऱ्यावर काढून ठेवलं. मग एका हाताने पँट सावरत मोकळ्या बांधीत विमान गोल गोल फिरवलं आणि कंपासला पुन्हा दिशा शिकवल्या. रंजीताला हसू आवरेना. पण विमान पाचव्यांदाही डावीकडेच गेलं.

आता नोंदी बघायच्या होत्या. विमानातल्या कार्डावर प्रत्येक उड्डाण आपोआप लिहिलं जातं. बिघाड कधीपासून आहे ते बघावं म्हणून त्याने यादी उघडली. बुधवारचं एक उड्डाण त्याच्या ओळखीचं नव्हतं. सकाळी अकरा वाजता, चौदा मिनिटं, आणि नकाशावर चंद्रपूरचं मैदान. रेघ तिथेही डावीकडेच वाकली होती.

"कपाटात ठेवलं होतं म्हणे ना थो?" रंजीताचं हसू गेलं.

वायर बघायला संघपालने विमानाच्या पाठीवरचं झाकण धरलं, तर ते स्क्रू न काढताच हातात आलं. त्याच क्षणी लॅपटॉपवरचा काटा बावीस अंश फिरून बरोबर उत्तरेला आला. झाकण लावलं, काटा डावीकडे. काढलं, उत्तरेला. त्याने झाकणाच्या आतली टेप सोलली. त्याच्या चार स्क्रूंची भोकं पुट्टीने बुजवली होती आणि शेजारी चार चुंबकं चिकटवली होती, थेट कंपासच्या डोक्यावर, इतकी जवळ की दिशा पुन्हा शिकवूनही उपयोग नव्हता.

दुपारी निकेश गाडी घेऊन आला. "झालं का पाहून? मले निंगा लागते."

"झाकणाले चुंबक काऊन?"

"पटकन उघडावं म्हनून."

"पटकन उघडाले नाई, बदलाले." वीस वर्षं दुसऱ्यांनी केलेल्या दुरुस्त्या उघडून बघण्यात गेली होती, त्याला ते कळायला वेळ लागला नाही. "दुसरं झाकण कुठी हाये?"

निकेश ते गाडीतून घेऊन आला. रंजीताने पहिल्या झाकणावर संघपाल आणि निकेश, दोघांची नावं रंगवली होती. यावर छापलं होतं: रचना व निर्मिती, प्रा. निकेश वाढई.

"बुधवारी साहेबांसमोर हेच लावलं होतं?"

"हो. थे तिरपं गेलं, म्हनून उद्या दुसरा चान्स देल्ला." निकेशने नजर चुकवली. "समजून घे ना बे. थे लोक डिग्री पाह्यतात. मिक्सरवाल्यानं बनवलं म्हटलं तं कोन उभं करन? मी तुले सोडनार थोडीच होतो?"

नाव पुसलं ते पुसलंच, वर तोच बिघाड न सांगता आपल्याकडूनच दुरुस्त करून घ्यायला आणला. फसवायलाही याला आपलेच हात लागले, याची संघपालला सगळ्यात जास्त चीड आली.

"देऊ नका त्याले!" रंजीता म्हणाली.

"जंगल पेटन तं आपलंच पेटन," संघपाल म्हणाला.

त्याने सगळी चुंबकं खरवडून काढली. निकेशच्या झाकणाला चार भोकं पाडली आणि ते पितळी स्क्रूंनी पक्कं बसवलं. कंपासला दिशा शिकवून विमान सोडलं. ते आखल्यासारखं उत्तरेला गेलं, सगळ्या खुणांवरून फिरलं आणि परत आलं.

मग त्याने पिशवीतून पुठ्ठ्याच्या चिठ्ठ्यांची गड्डी काढली. दुरुस्त झालेल्या प्रत्येक वस्तूला अशी चिठ्ठी बांधून ती गिऱ्हाइकाला द्यायची, हा दुकानाचा रिवाज होता. निकेशच्या वस्तूला त्याने आजवर कधी चिठ्ठी बांधली नव्हती. निकेशचा रेडिओ असो की त्याच्या आईचा पंखा, घरचं म्हणून तसंच देत आला होता. त्याने सावकाश लिहिलं. वस्तू: विमान. दोष: बाहेरून लावलेलं चुंबक. ग्राहकाचं नाव: निकेश वाढई.

चिठ्ठी त्याने दोऱ्याने पंखाला बांधली. काढलेली चुंबकं लहान पिशवीत घालून तीही सोबत बांधली, कारण गिऱ्हाइकाचा जुना माल ठेवून घ्यायचा नसतो.

"हे काय लावलं बे, संघ्या?" निकेशने चिठ्ठी वाचून विचारलं.

"गाडीत सांभाळून ठेवा, सर," संघपाल म्हणाला आणि विमान दोन्ही हातांनी त्याच्यापुढे धरलं.