पुलाजवळची शाळा

विमान खाली चाललंय हे कळलं तेव्हा ठोंब्याला सगळ्यात आधी हायसं वाटलं. आता त्या शाळेपर्यंत पोचायची वेळ येणार नव्हती. मग विमानात आपणही आहोत हे त्याच्या लक्षात आलं आणि तो रीतसर घाबरला.

ठोंब्या हे आत्याने ठेवलेलं नाव. वय चौतीस, नोकरी नकाशांच्या ऑफिसात. आईवडिलांच्या माघारी आत्यानेच त्याला वाढवलं होतं. ती शाळेत मुख्याध्यापिका होती, आणि घरी आल्यावरही तिचं ते पद कुणी काढून घेतलं नव्हतं.

नकाशांच्या ऑफिसात एकच नियम कडक होता: कोरी जागा सोडायची नाही. कोरा कागद दुकानात मिळतो, त्यासाठी ऑफिस कशाला, असं मोठे साहेब म्हणायचे. सहा वर्षांपूर्वी ठोंब्याला या जंगलाची मोजणी करायला पाठवलं. काम पंधरा दिवसांचं. दोन टेकड्या त्याने इमानेइतबारे मोजल्या, कारण त्या रस्त्यावरून दिसत होत्या. मग तो आत शिरला आणि दीड तासात पायाला अकरा जळवा घेऊन बाहेर आला. उरलेले दिवस त्याने विश्रामगृहात गादीवर पडून काढले. छताला एक तडा गेला होता, नागमोडी, देखणा. त्याचा ओढा झाला. ओढा म्हटल्यावर पूल आलाच. तो त्याने दोन टेकड्यांच्या बरोबर मध्ये टाकला, पट्टीने मोजून, कारण टेबलावरच्या कामात तो चोख होता. त्याच वर्षी आत्या निवृत्त होत होती, म्हणून पुलाशेजारी त्याने एक शाळाही काढली. तेवढं मात्र प्रेमाने.

नकाशा छापून आला तेव्हा त्याने तो फ्रेम करून तिला दिला. इथवर सगळं पचलं असतं. पण आत्या रोज सकाळी चहाचा कप घेऊन त्या फ्रेमसमोर बसायची, आणि महिनाभरात तिला त्या शाळेची काळजी लागली. एवढ्या आडरानात कोण पोरं शिकत असतील, त्यांना फळा तरी असेल का. तिने जुनी पुस्तकं, वह्या, पट्ट्या गोळा करून पार्सल बांधलं. पोस्टाने गेलं असतं तर ते परत आलं असतं, म्हणून ठोंब्या म्हणाला, दे, ऑफिसमार्फत पाठवतो. सहा वर्षांत सतरा पार्सलं झाली. ती सगळी ऑफिसच्या लोखंडी कपाटात होती, आणि साहेबांना तो सांगायचा की जुन्या मोजण्या आहेत.

पुढे आत्या म्हणाली, त्या मुख्याध्यापकांनी पोच म्हणून एक ओळ लिहायला काय हरकत होती. तेव्हा ठोंब्याने डाव्या हाताने ओळ लिहिली. पत्रव्यवहार सुरू झाला. आत्या पत्रातल्या चुका वेगळ्या कागदावर लाल शाईने दुरुस्त करून पाठवायची, आणि डाव्या हाताच्या मुख्याध्यापकांना पुढच्या वेळी जास्त मन लावून लिहावं लागायचं. आठव्या पत्रात, शेवटी जागा उरली म्हणून, त्यांनी लिहिलं: कधी तरी या इकडे, मुलांना आनंद होईल.

असं सगळेच लिहितात. येत कुणी नाही. आत्याने मात्र जंगलापलीकडच्या गावी टपाल नेणाऱ्या छोट्या विमानात दोन जागा ठरवल्या. ठोंब्याने पाठदुखी, ऑफिसची तपासणी आणि शाळेला लागलेल्या सुट्ट्या अशी तीन कारणं काढली. तिसऱ्यावर ती म्हणाली, कधी लागतात ते मुख्याध्यापकांना विचारून घे. मग तो बॅग भरायला लागला.

विमान झाडांच्या शेंड्यांवर आपटलं, फांद्या मोडत खाली आलं आणि एका बाजूवर कलंडलं. आत्याला खरचटलं. ठोंब्याला काहीच झालं नाही, आणि याचीही त्याला लाज वाटली. पायलटचा उजवा पाय गुडघ्याखाली मोडला होता. रेडिओ मिनिटभर चालला. वरची झाडी पुन्हा मिटली होती, विमान आकाशातून दिसणार नव्हतं, आणि टाकीतून इंधन गळत होतं. पायलटने आपला नकाशा उघडला. ठोंब्याच्याच ऑफिसचा. आत्याने तिरक्या नजरेने पाहिलं आणि म्हणाली, "पुलाकडे चला, शाळा आहे तिथे. आमच्या ठोंब्यानेच काढलाय हा."

पायलटने आदराने ठोंब्याकडे पाहिलं आणि रेडिओवर सांगितलं की आम्ही पुलापाशी थांबतो, तिकडे या. पलीकडून "पूल, कळलं," एवढं आलं आणि रेडिओ मेला.

आता म्हणजे आताच सांगायला हवं होतं. ठोंब्याने तोंड उघडलं आणि म्हणाला, "पाण्याच्या बाटल्या दोनच आहेत."

विमानाच्या निखळलेल्या दारावर पायलटला झोपवून, सीटचे पट्टे बांधून, दोघं त्याला ओढत निघाली. बेत सोपा होता: ओढा गाठायचा, कडेकडेने खाली जायचं, पूल आपोआप येईल. आत्याच्या पिशवीत शाळेसाठी आणलेल्या वस्तू होत्या: खडू, चाळीस खोडरबर, एक पितळी घंटा, लिंबाच्या गोळ्यांचा डबा, आणि मुख्याध्यापकांची आठ पत्रं, रबरबँड लावून. खायला गोळ्याच होत्या. आत्या तीन-तीन वाटायची आणि प्रत्येक वेळी सांगायची की हे मुलांचं आहे, गेल्यावर त्यांना खरं काय ते सांगायचं, लपवायचं नाही. ठोंब्या गोळी चघळायचा. एवढी आंबट गोळी त्याने आयुष्यात खाल्ली नव्हती.

दुसऱ्या दिवशी दुपारी नकाशातला ओढा जिथे असायला हवा होता तिथे ते पोचले. तिथे गुडघाभर नेचे होते.

"आटला असेल," आत्या म्हणाली.

पायलटला ताप चढला होता, तरी त्याचं डोकं चालत होतं. "बाई, ओढा आटला तरी खळगा राहतो," तो म्हणाला. "इथे तर चढ आहे."

पाणी सकाळीच संपलं होतं. पायलटच्या पायाचा रंग आता कुणी बघत नव्हतं. आत्याने पदर खोचला, काठी घेतली आणि ठरवून टाकलं की ओढा पुढे कुठेतरी असणार, ती एकटी जाऊन शोधेल. ओढा, मग पूल, मग शाळा. मोठी मुलं असतील, ती पायलटला उचलून नेतील. ठोंब्याने इथेच थांबावं.

ती निघाली होती त्या दिशेला चाळीस किलोमीटर काही नव्हतं. निदान ठोंब्याने काही काढलं नव्हतं. क्षणभर त्याच्या मनात आलं की त्याऐवजी आपण जावं आणि तासाभराने येऊन सांगावं, शाळा आहे पण आज रविवार आहे. हा विचार आपल्याला आला, आणि वर वार कुठला ते आपण बोटांवर मोजलंही, हे त्याच्या ध्यानात आलं तेव्हा त्याचे कान तापले. आत्या झाडांत दिसेनाशी व्हायला दहा पावलं उरली होती.

"आत्या, शाळा नाहीये."

ती वळली. "पडली का?"

"नव्हतीच. ओढा पण नाही. मी आत आलोच नव्हतो. जळवा होत्या."

आत्या परत आली. काठी तिने झाडाला नीट टेकवून ठेवली.

"पत्रं?"

"मीच."

"अक्षर तुझं नव्हतं."

"डाव्या हाताने."

"पार्सलं?"

"कपाटात आहेत. सगळी. एकही फोडलं नाही," तो म्हणाला, जणू यात काही श्रेय होतं.

आत्याने पिशवीतला गोळ्यांचा डबा काढला, आत डोकावली, झाकण लावलं. मग म्हणाली, "तुम्ही बसा."

चौतीस वर्षांत तिने त्याला अहोजाहो केलं नव्हतं. लहानपणी पट्टीने मारलं होतं, ते याच्यापुढे लाड होते. ठोंब्या बसला.

दारावरून पायलट म्हणाला, "बाई, त्यांना नंतर मारा. मी पूल सांगून बसलोय. ती माणसं पूलच शोधणार."

"नसलेला," आत्या म्हणाली.

"नसला तरी त्यांच्या नकाशात आहे ना. नेमका कुठे टाकलात हो?"

हे मात्र ठोंब्याला पक्कं माहीत होतं. खऱ्या गोष्टी माणूस विसरतो, रचलेल्या विसरून चालत नाही. दोन टेकड्यांच्या बरोबर मध्ये. तो झाडावर चढला. पायाला जळवा लागल्या, त्या त्याने तशाच राहू दिल्या. टेकड्या दिसल्या, डावीकडची जवळ, उजवीकडची लांब. म्हणजे उजवीकडे सरकायचं. तो खाली उतरला, पट्टे खांद्याला लावले, आणि अंधार पडेपर्यंत दर थोड्या वेळाने झाडावर चढून बघत राहिला. वाटेत पानांत साचलेलं पाणी मिळालं, ते आधी पायलटला, मग आत्याला. आत्या "आभारी आहे" म्हणाली. तेही झोंबलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी दोन्ही टेकड्या सारख्याच अंतरावर दिसायला लागल्या, तिथे ते थांबले. तिथे चार झाडं आणि एक मोठा दगड होता. थोड्या वेळाने हेलिकॉप्टरचा आवाज आला, अगदी डोक्यावर. ते फिरलं, पूल दिसेना म्हणून पुन्हा फिरलं. पायलटकडे लायटर होता, पण पालापाचोळा ओला.

आत्याने रबरबँड काढला. पहिलं पत्र तिने चाळलं, "मुलांनी पुस्तकं वाटून घेतली" त्या ओळीवर अंगठा थोडा थांबला, आणि तिने कागद लायटरवर धरला. आठही पत्रं गेली. वर ओला पाला टाकल्यावर दाट पांढरा धूर शेंड्यांपर्यंत चढला.

धूर हेलिकॉप्टरला दिसला, पण तिथे उतरायला जागा नव्हती; माणसं पायी येईपर्यंत तासभर गेला. झाडीत त्यांच्या हाका ऐकू यायला लागल्या तशी आत्याने पितळी घंटा काढली आणि शाळा भरल्यासारखी वाजवली. दहा-बारा जण धापा टाकत आले. त्यांनी पायलटला स्ट्रेचरवर घेतलं, सगळ्यांना पाणी दिलं. त्यांचा म्होरक्या दाढीवाला, भला माणूस होता. हातातला नकाशा दाखवत तो म्हणाला, "नकाशाने वाचवलं बघा तुम्हाला. ज्याने केला त्याचे पाय धरले पाहिजेत. घंटाही ऐकली आम्ही. पण पूल आणि शाळा कुठेशी आली?"

ठोंब्या आपल्या जळवांकडे बघत होता. आत्याने घंटा पिशवीत ठेवली आणि दगडावर बसली.

"उभा राहा, ठोंब्या," ती म्हणाली. "त्यांना सांग. मोठ्याने, मागच्यांनाही ऐकू आलं पाहिजे."

तो उभा राहिला. हात आपोआप पाठीमागे गेले.