ओम मरत काहून नाही

"तुमचा हा ओम मरत काहून नाही, धनसिंगभाऊ? पाच पुस्तकं झाली! गोळी लागते, दरीत पडते, हेलिकॉप्टरातून उडी मारते, तरी साला जिता!"

"नाही मरत. तुह्या बापाचं काय जाते?"

"बापाचं नाही, माह्या मशीनचं जाते! कव्हर छापून बसलो मी!"

जमीरनं कव्हर टेबलावर आपटलं. तिरंग्यात गुंडाळलेली पेटी, वर लालभडक अक्षरं: शहीद ओम कमांडो.

यवतमाळच्या बसस्टँडमागं जमीरचा छापखाना. पूर्वी दिवाळी झाली की तिथं लग्नपत्रिकांच्या थप्प्या लागायच्या. कापसानं गावांचा गळा धरला तसं लोक लग्नं पुढं ढकलायला लागले. तेरवीच्या पत्रिका मात्र वेळेवर येत होत्या. त्यातल्या त्यात मशीन फिरत ठेवलं ते धनसिंगच्या कादंबऱ्यांनी. धनसिंग राठोड फौजेत कमांडो होता, आता लोहाऱ्याच्या एमआयडीसीत एका गेटवर वॉचमन. ट्रक कमी, वेळ भरपूर. तिथंच खुर्चीत बसून तो लढाया लिहायचा, आणि खेड्याची एसटी सुटायच्या आत लोक त्या घेऊन जायचे.

"इथं काय कमी मरून राह्यले लोक?" धनसिंग म्हणाला. "आता पुस्तकातबी मारू?"

"म्हणूनच तं खोटं वाटते, भाऊ. गिऱ्हाईक म्हणते, आमच्या गावात सगळे मरतात, तुमचा ओमच तेवढा अमर हाय." जमीरचा आवाज एकदम उतरला. "थकलो मी. हे पुस्तक नाही खपलं तं मशीन इकतो न् अब्बासंग पंक्चर काढत बसतो. बस, अजून काय?"

ओम हे नुसतं नाव आहे, असंच जमीर धरून चालला होता. ओम खरा होता. बाभुळगावकडचा, धनसिंगच्याच बंजारा तांड्यातला, त्याच्याच तुकडीतला. आणि मेलेला. त्याची म्हातारी, धुरपताबाई, तांड्यावर होती. पुस्तक निघालं की धनसिंग पहिलं तिला नेऊन द्यायचा. नात बबिता वाचायची, म्हातारी ऐकायची. कागदावर का होईना, आईचा पोरगा जिता राहावा, म्हणून ओम मरत नव्हता. दुसरं काही कारण नव्हतं.

आता तिला विचारल्याशिवाय त्याला मारता येणार नव्हतं. त्यानं लुना काढली.

धुरपताबाई अंगणात चुलीसाठी कापसाच्या वाळलेल्या पऱ्हाट्या मोडत होती. "आव, बेस," ती म्हणाली. ये, बस. मग त्याचे रिकामे हात पाहून, "पुस्तक नाही आणलं?"

"नाही याडी. इचारायले आलो." रात्रीबेरात्री दुश्मनाच्या चौकीत घुसलेला माणूस, पण इथं या याडीसमोर, ओमच्या आईसमोर, तो अंगणाच्या कडेलाच उभा राहिला. "छापखान्यावाला म्हणते, या बारीले ओमले... संपवा म्हणते. तू नाही म्हटलं तं नाही लिहीत मी. आईशपथ."

पऱ्हाटी कडकन मोडली. "मंग पाच पुस्तकं कायले थांबला रे?"

"मंजे?"

"परत्येक खेपेस बबिताले म्हणो, पोरी, शेवटचं पान पाह्य, मेला काय? ते म्हणे, नाही आजी, जिता हाय. मी डोस्क्याले हात लावो." तिनं हातातली काडी त्याच्या पायाशी फेकली. "तो मेला हे मले माहीत नाही काय? मी पेटीत पाह्यलं त्याले! कसा मेला, ते पाह्यजे मले. वाटे, आता सांगशील, आता सांगशील. तू आपला त्याले उड्या माराले लावतं!"

धनसिंग खाली बसला.

तांड्यातल्या बाया मेलेल्यासाठी रडतात ते गात गात. माणूस कसा गेला, शेवटी काय बोलला, सगळं त्या रडण्यात येतं. ओमची पेटी आली तेव्हा पुढारी माईकवर बोलले, छातीवर गोळी, दहा दुश्मन. धुरपताबाईनं तेच शब्द उचलले आणि तेच गात ती रडली.

"कपडा बाजूले करून पाह्यलं मी मंग," ती म्हणाली. "छाती कोरी होती. एक भोक नव्हतं. मी खोटं रडली, धनसिंग. आईनं खोटं रडावं काय?"



"लढाई सुरूच नव्हती झाली, याडी. बर्फात बसलो होतो, हुकमाची वाट पाहत. त्याच्या छातीत पानी भरलं. खोकला थांबेना. ढग होते, हेलिकॉप्टर आलं नाही."

"मंग?"

"मंग काही नाही. माह्या मांडीवर होता."

"बोलला काही?"

"भांडला. पाय जळून राह्यले म्हणे, बूट काढ. मी नाही काढू दिले. उघडे पाय ठेवले तं बोटं गळतात तिथं. लय शिव्या देल्या मले."

"कोणत्या?"

त्यानं सांगितल्या. म्हातारीच्या तोंडावर हसू आल्यासारखं झालं. "बापावर गेल्ता. मंग काढले काय बूट?"

"नाही."

"बरं केलं. थंडी होती." तिनं पऱ्हाट्या बाजूला सारल्या. "असंच लिहिजो पुस्तकात. गोळी नोको टाकू."

हे कोण विकत घेईल, असं त्याच्या ओठांवर आलं होतं.

धुरपताबाईनं ओढणी तोंडावर ओढली आणि हळूहळू डोलायला लागली. पहिला सूर फाटका निघाला. पाणी घेऊन येणारी बबिता दारातच थांबली. शेजारच्या बाया हातचं काम टाकून आल्या, तिच्या गळ्यात गळा घालून बसल्या. कशासाठी, आज कशासाठी, कुणी विचारलं नाही. गोरबोलीत, तांड्याच्या बोलीत, तिनं बर्फ आणला, खोकला आणला, न आलेलं हेलिकॉप्टर आणलं. मग म्हणाली, पाय जळत होते माझ्या लेकाचे, बूट कोणी काढले नाहीत.

बायांनी तीच ओळ उचलली. बूट कोणी काढले नाहीत. पुन्हा म्हटली. पुन्हा.

ते 'कोणी' म्हणजे धनसिंगच होता. तो उठला. त्याच्याकडे कुणी पाहत नव्हतं.

"याडी," तो म्हणाला, "मले आता जा लागते."