लीलाकाकूंचा पासवर्ड

मी तापट आहे, हे आमच्या कोंढा गावात कोणाले सांगा लागत नाही. पण त्या बुधवारी मी ओरडली ते लीलाकाकूंवर, आन् त्याची लाज मले अजून वाटते. बासष्ट वर्षांच्या काकू माझ्या कॉम्प्युटर क्लासात धानाच्या रोवण्याची गाणी मराठीत टाइप करतात. एका बोटानं, पण बिनचूक.

आमचे कॉम्प्युटर लिनक्सवर चालतात. फुकट आहे, जुन्या डब्यावरही पळते. त्याची नवी आवृत्ती निघायच्या आधी देशोदेशीचे हौशी लोक जुनीवरून नवीवर जाऊन पाहतात आन् काय बिघडते ते कळवतात. मीही कळवते. यावेळची आवृत्ती शुक्रवारी निघणार होती. तपासायले मी दोन दिवस आधीच सगळ्या मशिनी अपग्रेड केल्या, सगळ्या उघडल्या. फक्त काकूंनी पासवर्ड टाकला, तं मशीन म्हणे चूक. तीनदा चूक!

"विसरल्या तुमी, काकू."

"नाही व पोरी. थो कसा विसरन मी?"

"मंग सांगा, मी टाकून पाहते."

"सांगता नाही येत."

"काहून?"

काकूंनी पदर तोंडाले लावला. माझं डोकं सटकलं. "आठवायचं नाही, सांगायचं नाही, मंग मी का करू? देव आहो का मी?"

काकू उठल्या. "म्हातारीच्या डोक्यात राहत नसन आता काही. उद्यापासून नाही येत मी," म्हणल्या आन् गेल्या. मले जेवण गेलं नाही.

गुरुवारी सकाळीच मी त्यांच्या घरी गेली. त्यांचे मालक, म्हणजे पुंडलिकराव काका, अंगणात विळ्याले धार लावत होते. मी काकूंचे हात धरले. "चुकली मी. पण दोष मशिनीचा असन तं आजच कळवा लागते. तुमच्या माथी नाही राहू देणार मी. पासवर्ड नका सांगू, कसा आहे थेवढं सांगा."

काकूंनी मले आत नेलं, अंगणाकडे पाहिलं आन् पुटपुटल्या, "लग्नाच्या उखाण्यात एकदा घेतलं होतं. त्याच्यानंतर नाही."

"अव माय! काकांचं नाव?"

"तोंडानं घेता येत नाही, मंग बोटानं घेते रोज."

"मराठी अक्षरात?"

"मंग! मराठी नवऱ्याचं नाव इंग्रजीत घेऊ का?"

मी पळतच क्लासात आली. बाकी सगळ्यांचे पासवर्ड इंग्रजी. पासवर्डाच्या जागी नुसते ठिपके दिसतात, आत कोणती अक्षरं चालली कोणाले कळणार? पाहते तं काय, अपग्रेडनं पासवर्ड मागणाऱ्या पहिल्या पडद्यावरचा मराठी कीबोर्डच गायब केला होता! काकू मराठी दाबत होत्या, मशीन इंग्रजी घेत होती.

मी तसं लिनक्सवाल्यांले लिहून पाठवलं. चार वाजता उत्तर आलं: चूक खरी आहे, मराठी पासवर्ड टाकून आतापर्यंत कोणीच पाहिलं नव्हतं, दुरुस्ती सोबत पाठवत आहोत.

दुरुस्ती टाकली आन् काकूंले बोलावलं. काका त्यांले घेऊन आले, दारातच थांबले. काकूंनी एका बोटानं अक्षरं दाबली. पडदा उघडला, गाणी समोर!

काकू ताडकन उठल्या. "अवो पुंडलिकराव! उघडलं! चूक माही नव्हती, पुंडलिकराव!"

पुरा क्लास वळून पाहू लागला. काकूंनी तोंडावर हात ठेवला. पण काका तं असे खुलले का बस! "आखीन एकदा घे न व," म्हणे. माझे डोळे भरून आले, तरी मी ओरडलीच, "काकू, पासवर्ड बदला आता! पुऱ्या कोंढ्यानं ऐकला!"